साथीत किनारा कोण सांभाळणार?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की साथ आली म्हणून माणसं जमवणं थांबवावं लागेल, पण समुद्राचं काम थांबायला नको. त्यावर बरीच पत्रं आली. काही सहमतीची, काही चिडलेली. मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, माहीमला राहते आणि ओहोटीच्या वेळा बघून दिवस आखते. जे जवळून पाहिलं त्याच्या आधारे उत्तरं देते आहे.

बाई, दादर चौपाटीवर दर रविवारी आम्ही साठ-सत्तर जण सफाई करायचो. मार्च २०२० मध्ये थांबलो. पुन्हा सुरू केलं तेव्हा दहा-बारा जणच आले आणि आजतागायत गट पूर्वीसारखा उभा राहिलेला नाही. कुठल्याही तापाची बातमी आली की उरलेलेही गळतात. पुन्हा तशी साथ आली तर काम टिकवायचं कसं?
– गटाचे समन्वयक, दादर

आधी एक विचारते. तुमचं नेमकं काय थांबलं? कचरा उचलणं म्हणाल तर महापालिकेचे सफाई कामगार त्या दिवसांतही कामावर येत होते. शिवाय आपल्याकडे कचरा किनाऱ्यावर तयार होत नाही. नाले आणि मिठी नदी तो समुद्रात नेतात आणि पावसाळ्यातल्या उधाणाच्या भरतीला समुद्र तो परत आणून टाकतो. एप्रिलमध्ये न उचललेली गोणी ऑक्टोबरमध्ये उचलता येते. एप्रिलमध्ये त्या वाळूवर काय होतं हे मात्र ऑक्टोबरमध्ये कुणालाही लिहिता येत नाही.

म्हणून साथीत जपायची पहिली गोष्ट म्हणजे नोंद. इतकी वर्षं तुम्ही गोण्या मोजल्यात, फोटो काढलेत. त्या गोण्यांत काय होतं, ते कुठल्या नाल्याच्या तोंडाशी सापडलं, भरती किती होती, हे कुणाच्या वहीत आहे का? असेल तर तुमचा गट मोडलेला नाही. नसेल तर साठ माणसं परत आणण्याआधी वही सुरू करा.

अमेरिकेतली ओशन कॉन्झर्व्हन्सी ही संस्था १९८६ पासून किनारा सफाईचा आंतरराष्ट्रीय दिवस घेते. सप्टेंबरचा तिसरा शनिवार. तिथे कचरा उचलणाऱ्याच्या हातात एक तक्ता असतो आणि वस्तू मोजून लिहायच्या असतात. २०२० मध्ये त्यांनी लोकांना सांगितलं की घोळक्याने येऊ नका, एकेकट्याने किंवा घरच्यांबरोबर आपापल्या भागात उचला आणि नोंद करा. त्यांच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये त्याच वर्षी मास्क आणि हातमोज्यांसाठी नवा रकाना आला. गर्दी गेली, तक्ता राहिला. समुद्रात किती मास्क पोहोचले या चर्चेला थोडाफार आधार मिळाला तो अशाच नोंदींचा.

आता माणसांचं. तुमचे साठ जण कुठून येत होते? माझा अंदाज, निम्मे तरी लोकलने. २२ मार्चनंतर लोकल बंद झाली, १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि सर्वांसाठी ठरावीक वेळांत उघडायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. ज्या गटाचा कणा लोकलवर उभा आहे तो अशा वेळी मोडणारच. तेव्हा आजच यादी काढा. किनाऱ्यापर्यंत पायी येऊ शकतात असे किती जण आहेत? पाच निघाले तरी पुरे. त्या पाचांकडे आपापले हातमोजे, आपापला चिमटा हवा. सामायिक काही नको. मोकळ्या हवेत, अंतर ठेवून काम करताना श्वसनाच्या आजाराचा धोका बंद खोलीपेक्षा बराच कमी असतो. खरा धोका असतो येता-जाता दाटीवाटीच्या रिक्षेत आणि काम झाल्यावर टपरीवर एकमेकांना चिकटून घेतलेल्या चहात. चहा आपापल्या घरी. बाहेर पडण्यावरच बंदी असेल तर मात्र पायी येणाऱ्यांनीही बाहेर पडायचं नाही. तेव्हा ज्याच्या खिडकीतून किनारा दिसतो त्याने लिहायचं.

आमच्या ओळखीतली एक माजी विद्यार्थिनी खारदांड्याला राहते. टाळेबंदीत तिने खिडकीच्या गजाला मोबाइल टेकवून रोज एकाच कोनातून खाडीच्या तोंडाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं: तारीख, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, कोणते पक्षी, होड्या किती. कुणी सांगितलं नव्हतं. आज त्या काळातल्या त्या कोपऱ्याबद्दल कुणाला काही विचारायचं झालं तर तिच्याकडेच जावं लागतं.

आणि एक कठीण गोष्ट. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये दुसरी लाट आली तेव्हा एका गटाचा सगळं सांभाळणारा माणूस आजारी पडला. स्वयंसेवकांचे नंबर, वॉर्ड ऑफिसातल्या ओळखी, फोटोंचं खातं, सगळं त्याच्या फोनमध्ये आणि फोनला कुलूप. तो बरा झाला ही मोठी गोष्ट. पण सगळेच बरे झाले नाहीत हे आपण सगळे जाणतो. प्रत्येक किल्ली दोन माणसांकडे हवी. त्यातलं एक माणूस तिशीच्या आतलं असावं आणि दुसरं त्याच घरातलं नसावं.

साठचा आकडा परत यावा ही तुमची इच्छा मला कळते. रविवारी सकाळी ओळखीचे चेहरे भेटणं हीदेखील एक गरज आहे आणि साथीत माणसं त्याच गोष्टीला सर्वांत जास्त तरसली. पण गट जिवंत आहे की नाही, हे त्या आकड्यावर ठरवू नका.

नमस्कार मॅडम. लॉकडाऊनमध्ये खाडीत फ्लेमिंगोच फ्लेमिंगो होते, पाणी स्वच्छ झालं, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिले. मग निसर्ग स्वतःच बरा होतो, आपण फक्त घरात बसायचं, असं नाही का? आमच्या कॉलेजच्या नेचर क्लबमध्ये यावर वाद चालू आहे.
– बीएससीची विद्यार्थिनी, विरार

वाद चालू आहे हे फार चांगलं. तुझ्या बाजूने एक गोष्ट आधी मान्य करते: माणूस थांबला की काही गोष्टी खरंच बदलतात. कॅनडात व्हँकुव्हरजवळ समुद्रात ध्वनी टिपणारी यंत्रं आहेत. २०२० च्या सुरुवातीला जहाजं कमी झाली तेव्हा पाण्याखालचा आवाज उतरल्याचं त्यांनी दाखवलं. पण बघ, हे कळलं कशामुळे? यंत्रं आधीपासून तिथे होती, आधीच्या वर्षांच्या नोंदी होत्या. नाहीतर हाही एक व्हिडिओच राहिला असता.

आता फ्लेमिंगो. ते ठाण्याच्या खाडीत हिवाळ्याच्या सुरुवातीपासून यायला लागतात आणि पावसाआधी जातात. एप्रिल २०२० मध्ये आपण जे थवे पाहिले ते टाळेबंदीच्या आधीच येऊन दाखल झालेले होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ मधल्या गणनेतही आकडा एक लाखाच्या वर होता. त्या वर्षी ते वस्तीजवळच्या पाणथळींत अधिक निर्धास्तपणे उतरले असतील, आणि गच्चीवर उभं राहून बघायला आपल्यालाही वेळ होता. शिवाय ते जे शेवाळ खातात ते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवरही पोसलं जातं. थवा मोठा दिसला म्हणजे खाडी निरोगी झाली, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सांडपाण्याचं काय झालं असेल, ते तूच विचार करून सांग. मुंबईचं सांडपाणी सात केंद्रांकडे जातं: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. वरळी आणि वांद्र्याला तर साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या नळांतून ते समुद्रात आत सोडलं जातं. कारखाने थांबले, पण घरोघरची मोरी आणि संडास थांबले नाहीत. सगळे घरीच होतो. त्यात पार्सलचे डबे आणि एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक वाढलं. मास्कचं तर विचारूच नकोस. हाँगकाँगच्या ओशन्सएशिया संस्थेचा अंदाज होता की एकट्या २०२० मध्ये १५६ कोटी मास्क समुद्रात गेले असावेत. तीन पदरी मास्क कापडाचा वाटतो, पण तो पॉलिप्रॉपिलिनचा असतो, म्हणजे प्लास्टिकच.

आणि लोक घरी बसले की राखणही घरी बसते. अमेरिकेत मासेमारी जहाजांवर निरीक्षक पाठवायची पद्धत आहे. मार्च २०२० मध्ये आजाराच्या भीतीने काही ठिकाणी त्यातून सूट द्यावी लागली. म्हणजे जाळ्यात काय काय आलं हे बघणारा डोळाच काही काळ जहाजावर नव्हता. क्लबमध्ये हा मुद्दा मांडून बघ.

बाई, आमचा धंदा मासळीचा, वर्सोव्याला. आमच्या किनाऱ्यावर सफाईला पुष्कळ लोक येतात. टी-शर्ट घालतात, फोटो काढतात, आमच्या पोरांना शिकवतात कचरा टाकू नका. चांगलंच आहे, मी वाईट म्हणत नाही. पण लॉकडाऊनमध्ये आमच्या होड्या बंदराला लागल्या होत्या, घरात तांदूळ मोजून शिजत होता, तेव्हा यातलं कुणी आलं नाही. एक फोनसुद्धा नाही. आता परत येतात तेव्हा मी बोलत नाही. तुम्ही लिहिलंत समुद्राचं काम थांबायला नको. आम्ही काय समुद्राचे नाही का?
– मासळी विक्रेती, वर्सोवा

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते जसंच्या तसं छापावं असं मी संपादकांना सांगितलं.

वाचकांसाठी तो काळ थोडा उलगडून सांगते. २५ मार्चला देश बंद झाला. १० एप्रिल २०२० ला केंद्राने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. सूट कागदावर आली, पण बर्फ, डिझेल, बाजार आणि लोकलचा मालडबा काही त्याबरोबर आला नाही. बाहेरून आलेले किती तरी खलाशी गावाकडे निघून गेले होते. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आहे पण जाळं ओढायला हात नाहीत, हात आहेत तर धक्क्यावर गिऱ्हाईक नाही. पावसाळ्यातली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणजे हंगामाचे शेवटचे, दोन पैसे गाठीला बांधायचे महिने हातचे गेले. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेतच, १७ मे २०२१ ला, तौक्ते मुंबईजवळून गेलं. हे सगळं एकाच घरावर एकामागोमाग कोसळलं.

मी माहीमला जिच्याकडून वर्षानुवर्षं मासे घेते त्या मावशींना आमच्या इमारतीच्या फाटकावर अडवलं गेलं. दूधवाल्याला सोडत होते, त्यांना नाही. टोपलीतून आजार येईल म्हणे. आम्ही काही जणींनी कमिटीशी भांडून फाटकाबाहेर झाडाखाली एक टेबल लावून घेतलं. आदल्या रात्री फोनवर मागणी घ्यायची, सकाळी मावशींनी टेबलामागे बसायचं, एकेकाने यायचं. पुढे शेजारच्या दोन इमारतींनीही तेच केलं. कोळीवाड्यात कुणाच्या घरी काय कमी आहे ते मावशींनी सांगितलं आणि शिधा तिकडे गेला. कुणाकडे द्यायचा हे आम्हाला मुळीच ठरवता आलं नसतं.

याला समुद्राचं काम म्हणायचं का, असं तेव्हा मला एकाने विचारलं होतं. माझं उत्तर तेव्हाही हो होतं. किनाऱ्यापासून दूर, जाळ्यात कासव अडकलं तर ते सोडायचं की नाही, हे होडीतला माणूस ठरवतो. तिथे ना मी असते, ना टी-शर्टवाले. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात योजना आहे की संरक्षित जीव जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा चित्रण दिलं तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मला ही योजना आवडते, कारण ती मच्छीमारावर विश्वास ठेवून आखलेली आहे. पण ज्याच्या डोक्यावर डिझेलची उधारी आहे त्याला जाळं कापायला सांगताना आपण त्याच्यासाठी काय केलं, हा प्रश्न उरतोच.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव तुम्ही ऐकलं असेल. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि राखण गावाने उचलली. २०२० मध्ये कासव महोत्सवाला येणारे पर्यटक बंद झाले, घराघरातल्या पाहुण्यांचं उत्पन्न बुडालं. पिल्लं मात्र समुद्रात गेली, कारण त्यांना सोडणारा माणूस पहाटे दार उघडून चालत किनाऱ्यावर पोहोचत होता. त्याला पास लागला नाही, लोकल लागली नाही. मुंबईत अशी दार उघडलं की किनारा असलेली माणसं म्हणजे तुम्ही. वर्सोवा, खारदांडा, माहीम, वरळी, कुलाबा.

आता सफाईला येणाऱ्यांसाठी, तुमच्या पत्राच्या निमित्ताने. कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर जाताना आधी तिथल्या महिला मंडळाला आणि मच्छीमार सोसायटीला भेटा. कुठली जाळी टाकाऊ आणि कुठली दुरुस्तीला ठेवलेली, बोंबील वाळवायच्या बांबूंपाशी काय हलवायचं नाही, हे विचारून घ्या. त्यांचे फोन नंबर घ्या आणि साथ नसतानाही फोन करा. गटाकडे पैसे जमत असतील तर संकटकाळात पहिला वाटा कुणाला जाईल हे आजच, त्यांच्यासमोर ठरवा. आणि मुलांना शिकवण्याआधी त्यांच्याकडून शिका. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी कसं वागतं, उधाणाला काय वर येतं, हे वर्सोव्याच्या दहा वर्षांच्या पोराला माझ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. त्याने सांगावं, तुम्ही लिहावं. मघाशी दादरच्या गटाला मी ज्या वहीबद्दल लिहिलं, ती खरं तर इथून सुरू व्हायला हवी.

आणि ताई, पुढच्या वेळी ते लोक आले की गप्प राहू नका. हे पत्र त्यांना दाखवा.

मी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये खाट मिळत नव्हती, ऑक्सिजनसाठी लोक रडत होते. त्याच आठवड्यात मला कासवांसाठी देणगी मागणारा मेसेज आला. मी तो रागाने पुढे न पाठवता पुसून टाकला. नंतर वाटलं, त्या लोकांचंही काम महत्त्वाचंच होतं. अशा वेळी मागावं का?
– एक परिचारिका, परळ

तुमचा राग योग्य होता. त्या आठवड्यात सर्वसामान्य माणसाकडे कासवासाठी पैसे मागायला नको होते. ज्याच्या घरात माणूस धापा टाकतो आहे त्याच्यापुढे दुसरा डबा नाचवू नये.

पण पगार थांबू नयेत, हेही तितकंच खरं. कांदळवनात गस्त घालणारा, घरटी राखणारा, नमुने गोळा करणारी मुलगी, ही सगळी महिन्याच्या पैशांवर जगणारी माणसं आहेत. त्या वर्षी त्यांच्या संस्थांवर दोन्ही बाजूंनी ताण आला. २३ मार्च २०२० च्या परिपत्रकाने कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी कोविडसाठी खर्च करायला मुभा दिली. ते करणं भागच होतं, पण पर्यावरणाकडे येणारा ओघ त्यामुळे आटणार हे उघड होतं. सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसरीला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या हातून पैसे मिळणाऱ्या गावातल्या छोट्या गटांची वाटच त्यामुळे बंद झाली.

पलाऊ नावाच्या प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्राचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्यांनी १ जानेवारी २०२० पासून आपल्या सागरी क्षेत्राचा ८० टक्के भाग राखीव केला. पर्यटकाच्या तिकिटातच १०० डॉलरचं पर्यावरण शुल्क असतं. आणि काही आठवड्यांतच पर्यटक येणं बंद झालं. इतका विचार करून उभं केलेलं काम, पण त्यात पैसा आणणारी वाट तीच बंद पडली.

म्हणून संस्थांना माझं सांगणं असं. चांगल्या काळात सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. महिन्याला शंभर-दोनशे देणारी पुष्कळ माणसं जोडा. त्यांना संकटात पत्र लिहावंच लागत नाही. कपात करायचीच झाली तर कार्यक्रम, बॅनर, सन्मानचिन्हं कापा, गस्तीचे पैसे कापू नका.

तुमच्या कामाचा आणि आमच्या कामाचा एक सांधा तुम्हाला सांगते. पोलिओचा विषाणू शहरात फिरतो आहे का, हे सांडपाणी तपासून शोधायचं काम भारतात पहिल्यांदा २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं. कोविडच्या काळातही जगभर सांडपाण्यात विषाणू शोधला गेला. तेच पाणी पुढे समुद्रात जातं. तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून खातात, तेव्हा ते पाणी त्यांच्या पोटात आणि तिथून आपल्या ताटात येतं. कावीळ, टायफॉइड तुम्ही वॉर्डात बघता, मी खाडीच्या पाण्यात बघते. साथीच्या काळात निधी मागायचाच तर अशा कामासाठी मागावा. सांडपाण्याची तपासणी, नाल्याकाठच्या वस्तीत शौचालय, सफाई कामगारांना हातमोजे आणि गमबूट. त्याला तुम्हीही नाही म्हणाला नसतात, असं मला वाटतं.

वाळूत मास्क आणि कधी सुया सापडतात. उचलाव्यात का?
– स्वयंसेवक, जुहू

मास्क चिमट्याने उचला, हाताने नाही. कानाचे बंद कापा, कारण त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. वेगळ्या कागदी पिशवीत घाला. घरच्या मास्कसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोविड काळातली सूचना अशी होती की कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून मग सुक्या कचऱ्यात द्यावेत. सुईला अजिबात हात लावू नका. जागेवर काठी रोवून खूण करा आणि महापालिकेच्या १९१६ वर कळवा. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात वाळूत उतरूच नका. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात जातात. नाल्याच्या तोंडाशी उभं राहून काम झालं असेल आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना समुद्रावर गेलो होतो हे आवर्जून सांगा.

माझं वय ७६. गुडघे गेले. मंत्रालयात कारकून होतो, मसुदे लिहिण्यात आयुष्य गेलं. समुद्रावर येऊ शकत नाही, आणि पुन्हा साथ आली तर घराबाहेरही पडू देणार नाहीत. माझ्यासारख्याचा काही उपयोग आहे का?
– निवृत्त कर्मचारी, मुलुंड

तुमची तर फार गरज आहे. साथीत किनाऱ्यावर माणसं नसतात, पण फायली हलत असतात. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा जाहीर केला. प्रकल्पाविषयी जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी देण्याऐवजी २० दिवसांवर आणावी, असंही त्यात होतं. पोस्ट रखडलेलं, सभा बंद. दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये आणायला सांगितलं. लाखो हरकती गेल्या. त्यातल्या बहुतेक घरात बसलेल्या माणसांनी लिहिल्या होत्या.

त्याच नोव्हेंबरात किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवण्यात आल्या. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून त्यासाठी परवानगी लागली, कागद झाले. मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हेच पुष्कळांना त्या वेळी पहिल्यांदा कळलं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून ओहोटीला फिरून तिथल्या जिवांची नोंद ठेवत होती, तेव्हा किनारा म्हणजे नुसता चिखल नाही हे सांगायला आधार तरी होता. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान्यता दिली. चांगलं आणि काळजीचं, दोन्ही कागदावर घडत असतं.

तेव्हा तुम्ही असं करा. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं संकेतस्थळावर येतात. नातवंडांकडून महिन्यातून एकदा ती काढून घ्या. भाषा तुमच्या सवयीची आहे, आम्हाला जिथे तासभर लागतो तिथे तुम्हाला दहा मिनिटं पुरतील. ठाणे खाडी, मुलुंड-भांडुपची कांदळवनं, तुमच्या वॉर्डातले नाले यांचं नाव आलं की अधोरेखित करा. जनसुनावणीची जाहिरात एका मराठी दैनिकातही द्यावी लागते, ती कापून तारखेसह चिकटवा. मग प्रकल्पाचा सारांश मराठीत उपलब्ध आहे का बघा. नसेल तर पहिलं पत्र त्यासाठीच लिहा, नेहमीच्या सरकारी मराठीत, संदर्भ क्रमांक घालून. विरारच्या मुलीच्या क्लबला असं पत्र लिहायला शिकवणारं माणूस हवंच आहे. तुमची तयारी असेल तर संपादकांकडे फोन नंबर ठेवा, मी तिला कळवते.